शेजारी जायला बैलगाडी

आमच्या घरात मोटारीची खोली होती, मोटार नव्हती. मोटार त्या काळी आख्ख्या गावात एकच. ती कचेरीतल्या साहेबाची, आणि तीही अर्धा वेळ चपराशी ढकलत न्यायचे. पण साहेबाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आज ना उद्या सगळी शहाणी माणसं मोटारीतच फिरणार. तेव्हा नव्या वस्तीत घर बांधायचं तर मोटार मावेल एवढी खोली पाहिजे म्हणजे पाहिजे. मोटार येईस्तोवर बैलगाडी ठेवा, म्हणाला. आम्ही सरकी ठेवली. उंदरांची चंगळ झाली.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं. गाव तालुक्याचं, परभणी जिल्ह्यातलंच. नाव कशाला सांगू? आमची भावकी अजून तिथं नांदतेय, उगा कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको. माझं माहेर राणीसावरगावचं. लग्न होऊन आले तेव्हा सासर जुन्या गल्लीत होतं. सासूबाई माझ्या येण्याआधीच गेलेल्या. घरात सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, आमचे मालक, आणि मालकांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. वन्सं लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. शेती ताडकळसच्या बाजूला. गाडी एकदा शेतावर गेली की चार-चार दिवस परतायची नाही.

आमच्या घरात गोषा होता. म्हणजे घरच्या बायकांनी उघड्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, जायचं तर पडदा लावलेल्या गाडीतून. तुम्ही म्हणाल, बायांना कोंडूनच ठेवलं होतं की! तर नाही. जुन्या गल्लीत आम्ही जेवढ्या हिंडलो तेवढ्या आताच्या पोरी स्कूटीवर हिंडत नसतील.

कसं, ते सांगते. गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून होती. वरती मातीची सपाट माळवदं, आणि एकाचं माळवद संपलं की दुसऱ्याचं सुरू. दुपारी जेवणं उरकली की आम्ही जिना चढून वर. एका माळवदावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, करत करत थेट गल्लीच्या टोकाला मारुतीच्या पारापर्यंत. चुलीचा धूर जायला माळवदाला भोकं असायची, त्यातून खाली तोंड घालून विचारायचं, "काय शिजायलंय व?" खालची म्हणायची, "ये की खाली, वास घेऊन का पोट भरतंय?" कुणाची कुरडई वाळत घालायची, कुणाचं पोर सांभाळायचं, कुणाच्या सासूची नक्कल करायची, सगळं वर. दुपारच्या वेळी पुरुषानं माळवदावर चढायचं नाही असा रिवाजच होता. पावसाळ्याआधी माती टाकायला चढणं भागच पडलं, तर जिन्यात मोठ्यानं खाकरायचं, आणि आम्ही बाजूला होईस्तोवर थांबायचं. त्यामुळे वर काय चालतं, पुरुषांना कधी कळलंच नाही. पुढचा सगळा घोटाळा त्यानंच झाला, असं मला वाटतं.

वन्सं तर माळवदाच्या राणीच होत्या. गल्लीत कुणी बाळंत झालं की बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला वन्संच पाहिजेत. पाय लांब करून पाटावर बसायच्या, पायांवर बाळ पालथं घ्यायच्या, आणि तेल-हळद अशी जिरवायच्या की लेकरू न्हाता न्हाताच झोपी जायचं. कपाळ पांढरं म्हणून सणाला, हळदी-कुंकवाला त्यांना कुणी पुढं येऊ देत नसे. पण न्हाणीत त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं. सकाळी पदर खोचून माळवदावरून निघाल्या की ऊन डोक्यावर येईस्तोवर घरात दिसायच्या नाहीत. मामा खालून हाका मारून थकायचे.

मग गावात गाठीची साथ, म्हणजे प्लेग, येऊन गेली. गल्लीतली बरीच माणसं गेली. कचेरीनं ठरवलं की दोष गल्लीचाच, घरं फार खेटून आहेत. स्टेशनाच्या पलीकडं माळ मोकळा होता, तिथं नवी वस्ती आखली. ज्याला पाहिजे त्यानं जागा घ्यावी, पण बांधायचं हुकमाप्रमाणं. घर जागेच्या मधोमध. शेजारच्या भिंतीला भिंत लावायची नाही. दोन घरांच्या मधून बैलगाडी वळेल एवढी वाट. पुढं फाटक असं की जुपलेली गाडी आत यावी. मोटारीची खोली तर सांगितलीच. दुकान काढायचं नाही, गिरणी काढायची नाही. एवढं असेल तर नकाशा मंजूर, नाहीतर चला घरी.

साथीनं सगळ्यांचीच पाचावर धारण बसलेली, त्यामुळे आमच्या गल्लीतले पुरुष तयार झाले. आणि त्यांनी अक्कल केवढी चालवली बघा! एकत्र बसून ठरवलं की गल्लीत जी घरं ज्या ओळीनं आहेत, माळावर जागाही त्याच ओळीनं घ्यायच्या. आमच्या उजवीला जे ते तिथंही उजवीला, डावीला जे ते डावीला. मामा घरी येऊन वन्संना कौतुकानं म्हणाले, "बाई, आख्खी गल्ली उचलून माळावर ठेवायलो आमी. तुला कायबी परकं वाटायचं न्हाई." बिचाऱ्यांनी मनापासून केलं होतं. वन्सं हसल्या. मलाही आनंदच झाला, खोटं का बोलू? मोठं अंगण, वारा, उजेड. कुणाला नको असतो?

नव्या घरात राहायला गेलो त्या पहिल्या दुपारी, जेवणं झाल्यावर सवयीनं मी नि वन्सं माळवदावर चढलो. मामांनी लेकीसाठी मुद्दाम रुंद पायऱ्यांचा जिना बांधला होता. वर जाऊन बघतो तर शेजारच्या माळवदावर शेजारची सून उभी, पलीकडच्यावर तिच्या पलीकडची. सगळ्या आपापल्या कठड्याला धरून उभ्या. मध्ये ही एवढी गाडीवाट, दोन्ही बाजूंनी भिंती. फळी टाकावी म्हटलं तर एवढी लांब फळी कुठं मिळते? एक जण ओरडली, "आता उडी मारायची का व?" सगळ्या हसलो. हसता हसता शेजारच्या सुनेनं डोळ्याला पदर लावला, आणि मग कुणीच हसेना.

ही शेजारची सून म्हणजे वन्संची गडणी, जिवाभावाची मैत्रीण. माझ्याच वयाची असेल, पण तिचं नि वन्संचं असं गूळपीठ की मला जरा हेवाच वाटायचा. नव्या वस्तीतही ती उजव्या बाजूलाच होती, ओळ काही चुकली नव्हती. आवाज दिला की ऐकू जायचा. तव्यावर काय आहे तेही वासानं कळायचं. फक्त जाता येत नव्हतं. मध्ये वाट होती ती गाडीची. पुढं रस्ता होता, त्यावर स्टेशनाला जाणारी-येणारी माणसं, पोलीस, कचेरीचे लोक.

एकदा आम्ही कनात धरून जायचं ठरवलं. दोन बाजूंनी गड्यांनी चादरी धरायच्या आणि आम्ही मधून चालायचं. गाडीत बसताना तसं नेहमी करायचे. फाटकातून बाहेर पडलो आणि माळाचा वारा काय सुटला, माय! चादर गड्याच्या हातातून निसटून उडाली ती बाभळीवर. आम्ही दोघी भर रस्त्यात उघड्या, आणि समोरून सायकलवर एक कारकून. तो सायकलवरून पडायचाच राहिला. मला हसू आवरेना. पण वन्संचं तोंड एवढंसं झालं. परत फिरल्या त्या तडक न्हाणीत जाऊन बसल्या. पुन्हा कनातीचं नाव काढायचं नाही, म्हणाल्या.

मग उरली गाडी. शेजारच्या घरी जायला बैलगाडी! बैल सोडून आणायचे, जुपायचे, पडदा बांधायचा, आम्ही आत बसायचं, फाटक उघडायचं, बाहेर पडून वळायचं आणि लगेच पुढच्या फाटकात शिरायचं. बैल चालायला लागतायत तोच थांबायचे, आणि मान वळवून गड्याकडं बघायचे. जुपायला जेवढा वेळ, त्याच्या चौथाईत पोचायचो. बरं, गाडी तरी घरी असायची कधी? पेरणीला शेतावर, सुगीला शेतावर, मधल्या दिवसांत बाजाराला. नव्या वस्तीत दुकान नाही, गिरणी नाही, म्हणून दळणसुद्धा गाडीतून न्यावं लागायचं. त्यातून वेळ उरला तर बायांचा नंबर.

परवा नातू औरंगाबादहून सांगत होता, आजी, आता पार्किंग दाखवल्याशिवाय घराचा नकाशाच मंजूर होत नाही. मी म्हटलं, काय सांगतोस, नवीन आहे का हे? गाडीला जागा आधी आणि माणसाला मागून, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्याला काही कळलं नाही. त्यानं विषय बदलला.

असो. त्या सालात गडणीला दिवस राहिले. तिची आधीची लेकरं जगली नव्हती. कुणी पोटातच, कुणी बारशाआधी. तिनं माळवदावरून वन्संना ओरडून सांगितलं, आख्ख्या वस्तीनं ऐकलं असेल, "आक्का, ह्यावेळी लेकरू तुमच्या पायावरच वाढवायचं बगा! दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची न्हाई मी!" वन्संनी मान हलवली. खाली आल्यावर मला म्हणाल्या, "वैनी, एवढी लेकरं न्हाऊ घातली, मोठी झाली की कुणी वळखत न्हाई मला. त्येंचं तरी काय चुकलं? पर ह्या एका लेकरानं मला वळखावं असं लय वाटायलंय बग." वन्संच्या तोंडून 'मला हे पाहिजे' असं मी तेवढं एकदाच ऐकलं.

मी रात्रीची भाकरी वाढताना मालकांच्या मागं लागले. मामांशी मी थेट बोलत नसे, सुना तेव्हा बोलत नसत. मालकांना म्हटलं, भिंतीत एक दार काढा, पलीकडच्यांच्या भिंतीत एक काढा, मधली वाट ओलांडली की झालं. चार पावलं तर आहेत, कोण बघतंय? मालक म्हणाले, "वडलांना सांगतो." आणि मामा खरंच कचेरीत गेले. लेकीसाठी ते पगडी घालून गेले. परत आले तेव्हा पगडी हातात होती. तिथल्या माणसानं सांगितलं होतं की ती वाट गाडीसाठी आहे. तिथं माणसं चालायला लागली तर गाडी कुठून जाणार? दार काढलं तर घराची मंजुरी रद्द.

"त्या वाटंनं गाडी जाती कधी?" वन्संनी विचारलं.

मामा म्हणाले, "जात न्हाई बाई. पर जायची झाली तर?"

मला असा संताप आला की हातातली परात आपटली. मामांनी ऐकलं असणार. गडणी बाळंत झाली, मुलगा झाला, तेव्हा त्यांनी एक जोडी शेतावरून मागं बोलावली आणि घरी बांधून ठेवली. रोज सकाळी गाडी जुपली जायची, रोज आम्ही दोघी जायचो. वन्संनी त्या पोराला पायावर घेतलं तेव्हा आधी पाणी दोनदा हातावर घेऊन बघितलं. इतकी वर्षं न्हाऊ घालणारी बाई, आणि नवख्यासारखं दोनदा बघावं! पोर होतं मात्र टुकटुकीत. वन्संचा आवाज आला की रडं थांबवून कान द्यायचं. "वळखायलं व!" गडणी म्हणायची आणि वन्सं लाजायच्या.

मग ज्वारी काढणीला आली. शेतावर माणूस कमी, बैल कमी, कणसं पाखरं खायला लागली. मालक एक दिवस धुमसतच आले. "आत्ता बैल घरी बांधून ठिवू का लेकरासाठी? तेबी दुसऱ्याच्या?" त्यांचंही काही चुकलं नाही, जोडी नसली तर पीक रानातच राहायचं. दुसऱ्या दिवशी गाडी गेली. वन्संनी तिकडंच राहायला जावं तर घरची लेक शेजाऱ्याकडं वस्तीला कशी राहणार? गडणीकडची गाडीही सुगीलाच गेलेली. थोडे दिवस वाट बघून त्यांच्या घरी एक न्हाऊ घालणारी बाई ठेवली. गरीब घरची. तिला कसला गोषा? ती आपली जुन्या गावातून पायी यायची आणि पायी जायची. पोराला तिच्या हाती आमच्याकडं धाडावं, तर आधीची लेकरं गेलेली म्हणून गडणीकडचे आईवाचून ते फाटकाबाहेर जाऊ देत नव्हते.

तेव्हापासून रोज सकाळी वन्सं माळवदावर. खाली शेजारच्या अंगणात ती बाई पोराला पायावर घ्यायची आणि वरून वन्सं सुरू व्हायच्या. "मान धर! मान धर व! पाणी लय कडक हाय ते! कानात जाईल, कानात!" एक दिवस ती बाई वैतागली. वर बघून म्हणाली, "बाईसाब, वरून काय सांगताव? खाली येऊन दावा की!" तिचं बरोबरच होतं. वन्संनी कठडा सोडला नाही, पण ओरडणं थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून नुसतं नाव घेऊन हाक मारायच्या, आणि न्हाऊन झालेलं ते पोर वर तोंड करून, दोन्ही हात हलवून हसायचं. एवढंच चालायचं मग. कधीमधी सणावाराला गाडी मिळाली तर आम्ही जाऊन यायचो, पण नेमकं तेव्हा पोर झोपलेलं तरी असायचं नाहीतर आजोळी गेलेलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वन्संकडं बघायची. तो साहेब मोटारीसकट बदलून गेला होता तोवर. त्याच्या हुकमाच्या भिंती जिथल्या तिथं होत्या.

पोर वर्षाचं झालं आणि कळलं की गडणीचं बिऱ्हाड हैदराबादला हलतंय, तिच्या मालकाला तिकडं नोकरी लागली. जावळ करूनच निघणार होते. गडणीनं निरोप धाडला, आक्कांनी आलंच पाहिजे. मामांनी मालकांना सांगितलं, त्या दिवशी काही झालं तरी गाडी पाहिजे. मालक म्हणाले, कापूस भरून न्यायचाय, त्याच्या आधी वापरा. बरं म्हटलं. जावळाच्या विधीला वन्संना पुढं येता येत नव्हतं, म्हणून ते उरकल्यावरच आम्ही निघालो. वन्संनी पोराला झबलं शिवलं होतं आणि वाटीत तेल घेतलं होतं.

गेलो. गडणीनं वन्संना अंगणात पाटावर बसवलं, पोर आणून मांडीवर ठेवलं. नवं गोटा केलेलं डोकं, डोळ्यांत काजळ. वन्संनी हाक मारली, रोज मारायच्या तशीच. पोराचा चेहरा एकदम फुलला. आणि ते वर बघायला लागलं. आमच्या माळवदाकडं. मान मागं टाकून, इकडं तिकडं शोधत. वन्संनी पुन्हा हाक मारली, ते पुन्हा वर बघे. वर कुणी दिसेना म्हणून रडायला लागलं, आणि हात पसरले ते न्हाऊ घालणाऱ्या बाईकडं. ती बिचारी ओशाळली. दाराआड गेली.

"नव्या माणसाला भितंय जरा," गडणी म्हणाली, आणि म्हणाली त्यासरशी जीभ चावली.

वन्सं म्हणाल्या, "रडू दे. मला काय घाई हाय?" आणि बोटानं वाटीतलं तेल घेऊन त्याच्या तळपायाला चोळायला लागल्या, हळूहळू, तोंडानं काही न बोलता. रडं कमी झालं. मग हुंदके राहिले. मग पोर त्यांच्या हाताकडं बघायला लागलं, हातावरून तोंडाकडं. वन्संनी तेव्हा अगदी हलक्या आवाजात हाक मारली. ह्यावेळी ते वर बघतंय की समोर, म्हणून मी पुढं सरकून बसले. त्यानं वन्संच्या ओठावर बोट ठेवलं.

तेवढ्यात बाहेरून गड्याचा आवाज आला. "बाईसाब, निघायचं! मालक खोळंबल्यात, कापूस भरायचाय."

मी ओरडून म्हटलं, थांबा म्हणावं मालकांना! आयुष्यात पहिल्यांदा परक्याच्या घरात माझा आवाज चढला. गडी म्हणाला, बैलं ठरत न्हाईत. घटकाभर, अजून घटकाभर बसायला मिळालं असतं तर त्या पोराला कळलं असतं की वरची ती हाक म्हणजे हीच बाई. चार पावलांवर आमचं घर होतं. पायी आलो असतो तर दिवस मावळेस्तोवर बसलो असतो.

वन्सं उठल्या. पोराचं बोट ओठावरून काढून त्यांनी ते गडणीकडं दिलं आणि मला म्हणाल्या, "चल वैनी, बैलं उबी हायत." आम्ही गाडीत बसलो. मी पडदा सोडला.